भास्कराचार्य आणि छेदातील वर्गमूळ



या अंकासाठी भास्कराचार्यांवर लिहावयाचे आम्ही ठरविले, त्याला तीन कारणे घडली. पहिले कारण म्हणजे आमचीच चूक. गणित दिनाच्या प्रार्थनेच्या वेळी आम्ही मुलांना लीलावतीची गोष्ट सांगितली. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, टळलेली वेळ आणि मग मुलीच्या सांत्वनासाठी बापाने लिहिलेले गणिताचे पुस्तक, अशी ती गोष्ट. मुले तल्लीन होऊन ऐकत होती. मधल्या सुट्टीत सातवीतील एक मुलगी कार्यालयाच्या दाराशी आली आणि ही गोष्ट भास्कराचार्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे का, असे तिने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाहून सांगतो, असे म्हणून आम्ही तिला वर्गात पाठविले.

दुसरे कारण पालक सभेतले. एका पालकांनी भास्कराचार्य आपल्या विजयपूरचे, म्हणून कर्नाटकाचे, असे सांगितले. दुसऱ्या पालकांनी ते जळगाव जिल्ह्यातले, म्हणून महाराष्ट्राचे, असे ठासून सांगितले. सभेचा विषय स्कूल बसचा होता, तो बाजूलाच राहिला. आपण सीमेवरची माणसे. असा प्रश्न आपल्याकडे नुसता इतिहासाचा राहत नाही, हे आम्ही जाणतो.

तिसरे कारण नववीच्या चाचणीचे. √८ + √२ याचे उत्तर बऱ्याच उत्तरपत्रिकांत √१० असे आले. अपूर्णांकाच्या वर्गमुळाचा प्रश्न तर कित्येकांनी कोराच सोडला होता. पेपर तपासताना आमच्या ध्यानात आले की या तिन्ही गोष्टींचे उत्तर एकाच माणसाच्या चरित्रात आहे.

आपले जन्मवर्ष भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. आपल्या जुन्या पंडितांत ही गोष्ट फारशी आढळत नाही, म्हणून तिचे मोल अधिक. सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथाच्या शेवटच्या भागात ते सांगतात की त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी हा ग्रंथ रचला. म्हणजे ग्रंथाचे वर्ष इ. स. ११५० ठरते. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर, आणि गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने असलेले विज्जडविड. सर्व विद्या त्यांना वडिलांकडूनच मिळाली. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे अनेक पुस्तकांत छापलेले असते, आणि आम्हीही ते वर्गात सांगत आलो. पण त्यांनी स्वतः दिलेल्या या वृत्तांतात उज्जैनचे नाव नाही.

आता हे विज्जडविड कोठले? कोणी ते विजयपूर मानतात, कोणी बीड, तर कोणी चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात शोधतात. पाटणच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पाटण येथे भवानीच्या जुन्या देवळात एक शिलालेख आहे. मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली प्रसिद्ध केला. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ मधला हा लेख भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळच देतो : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचे पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लक्ष्मीधरांना यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून नेऊन आपल्या दरबारच्या पंडितांत अग्रस्थानी बसविले. चांगदेव हे पुढे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले.

आमचा कौल विचाराल तर तो पाटणकडे झुकतो. विजयपूर सपाट माळरानावर आहे, तेथून सह्याद्री दिसत नाही. पाटणमागची सातमाळ्याची रांग मात्र सह्याद्रीचाच पूर्वेकडे गेलेला फाटा आहे. पण पालक सभेतील दोन्ही बाजूंना आमचे नम्र सांगणे असे की शके १०३६ मध्ये या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. सहावा विक्रमादित्य गादीवर होता आणि त्याची राजधानी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. धारवाडचा मुलूखही त्याचाच, आणि वर खानदेशाकडचे यादव त्याचेच मांडलिक. ज्या रेषेवरून आपण भांडतो ती त्या काळी कोणी आखलेली नव्हती.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत. लीलावती हा अंकगणिताचा, बीजगणित हा अव्यक्त राशींचा, आणि ग्रहगणित व गोलाध्याय हे दोन ज्योतिषाचे. आमचा विषय पहिल्या दोन भागांतला.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. अपूर्णांकाच्या खालच्या संख्येला आम्ही हर म्हणत असू. मराठी शाळेत शिकवू लागलो तेव्हा छेद म्हणायची सवय करावी लागली आणि सुरुवातीला फळ्यावर चुकून हर लिहिला की मुले हसत. पुढे भास्कराचार्यांचे ग्रंथ पाहिले तर त्यांत हर आणि छेद हे दोन्ही शब्द निघाले. ज्या संख्येचे वर्गमूळ पूर्ण येत नाही तिच्या मुळाला ते करणी म्हणतात. आजच्या मराठी पुस्तकात करणी आहे, हिंदीत करणी आहे, आणि आपल्या मुलांचे मित्र शेजारच्या कन्नड शाळेत शिकतात तेथेही करणीच.

आता लीलावतीतले एक उदाहरण पाहू. एका काटकोन त्रिकोणाची काटकोन करणारी प्रत्येक बाजू सव्वातीन आहे. कर्ण किती? सव्वातीन म्हणजे १३/४. तिचा वर्ग १६९/१६. दोन वर्गांची बेरीज १६९/८. म्हणजे कर्ण √(१६९/८). येथे आपली मुले काय करतात? १६९ चे मूळ १३, हे ठीक. ८ चे मूळ सुमारे २.८. मग १३ ला २.८ ने भागतात आणि सुमारे ४.६४ उत्तर काढतात. भागाकार लांबलचक होतो आणि उत्तरही चुकते, कारण खऱ्या मुळाऐवजी छाटलेल्या मुळाने भागले.

भास्कराचार्यांची रीत वेगळी आहे. ते छेदाच्या मुळाला हातच लावत नाहीत. अंश आणि छेद यांचा गुणाकार करायचा : १६९ × ८ = १३५२. त्याला एखाद्या मोठ्या वर्गसंख्येने गुणायचे. १०,००० घेतले तर १,३५,२०,००० होतात. आता एकदाच वर्गमूळ काढायचे, ते जवळजवळ ३६७७ येते. याला भागायचे कशाने? मूळच्या छेदाने, म्हणजे ८ ने, आणि घेतलेल्या वर्गाच्या मुळाने, म्हणजे १०० ने. दोन्ही मिळून ८००. उत्तर ३६७७/८००, म्हणजे ४ पूर्णांक ४७७/८००. दशांशात ४.५९६२५. खऱ्या उत्तराशी याचा फरक एक दशसहस्रांशापेक्षाही कमी आहे. याहून सूक्ष्म हवे असेल तर आणखी मोठा वर्ग घ्यावा.

हे का जमते? अंश आणि छेद दोघांनाही छेदानेच गुणले की खाली छेदाचा वर्ग तयार होतो, आणि वर्गाचे मूळ काढायला काही अडचण नसते. अक्षरांत लिहिले तर √(अ/ब) = √(अब)/ब, मात्र ब ही धन संख्या असली पाहिजे. नववीच्या पुस्तकातले अपूर्णांकाच्या वर्गमुळाचे सोपे रूप ते हेच. समजा √(३म/८न) दिले आहे आणि म, न दोन्ही धन आहेत. वर-खाली ८न ने गुणा : √(२४मन)/८न. २४ मध्ये ४ हा वर्ग दडलेला आहे, त्याचे मूळ २ बाहेर येते : २√(६मन)/८न. म्हणजेच √(६मन)/४न. मुले कोरे सोडतात तो प्रश्न एवढाच आहे.

छेदात एकच करणी न राहता दोन असल्या तर? त्यालाही बीजगणितात उपाय आहे. छेदातल्या एका करणीचे चिन्ह उलटे करावे, धन असेल तर ऋण, आणि त्या राशीने अंश व छेद दोघांनाही गुणावे. छेदात √५ + √३ असेल तर √५ − √३ ने गुणले की खाली ५ − ३ = २ उरते. करण्या दोनाहून अधिक असल्या तर छेदात एकच उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. आजच्या पुस्तकांत याला छेदाचे परिमेयीकरण असे जड नाव आहे. नाव नवे असले तरी रीत इ. स. ११५० मधील.

आता √८ + √२ कडे येऊ. बीजगणितात ही दोन आणि आठचीच जोडी उदाहरणाला घेतली आहे, हे पाहून आम्हाला गंमत वाटली. मोठ्या करणीच्या संख्येला लहानीच्या संख्येने भागा : ८ ÷ २ = ४. त्याचे मूळ २. बेरीज हवी तर त्यात १ मिळवा, ३ झाले. वर्ग करा, ९. लहान संख्येने गुणा, १८. म्हणून उत्तर √१८. वजाबाकी हवी असेल तर १ मिळविण्याऐवजी वजा करा, मग √२ येते. पुढची जोडी ३ आणि २७ ची. २७ ÷ ३ = ९, मूळ ३, बेरजेसाठी ४, वर्ग १६, तिपटीने ४८. उत्तर √४८. या रीतीच्या पोटातही अपूर्णांकाचे वर्गमूळच आहे, कारण सगळे √(८/२) वर अवलंबून आहे.

तिसरी जोडी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती ३ आणि ७ ची. ७/३ याचे मूळ पूर्ण सुटत नाही. तेव्हा भास्कराचार्य सांगतात की या दोन करण्या एकत्र होत नाहीत, त्या वेगळ्याच मांडून ठेवाव्यात. √३ + √७ हेच उत्तर. उत्तर एका पदात आलेच पाहिजे असे वाटून मुले √१० लिहितात. जे एकत्र होत नाही ते तसेच ठेवायचे, हे लिहायला मुले घाबरतात आणि खरे सांगायचे तर मार्क देताना काही वेळा आम्ही शिक्षकही घाबरतो.

वर्गमुळाच्या चिन्हाबद्दलही ते स्पष्ट आहेत. धन संख्येचे मूळ धन असते तसेच ऋणही असते, आणि ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच होऊ शकत नाही. यावर त्यांचे वानरांचे गणित आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, त्या संख्येचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसते. एकूण वानरे किती? अक्षरांत मांडले तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. यातून दोन उत्तरे निघतात, ५० आणि ५. पन्नास घेतले तर पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि एक झाडावरचे. जमले. पाच घेतले तर पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की −२, वर्ग ४, आणि एक झाडावरचे. हिशेब हाही जमतो, पण उणे दोन वानरे ही कल्पना लोकांना पटणार नाही, म्हणून पाच हे उत्तर ते सोडून देतात. अशाच दुसऱ्या एका गणितात कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग खेळतो आहे आणि उरलेली बारा वानरे टेकडीवर आहेत. तेथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे ते मान्य करतात. मूळ काढणे वेगळे आणि आलेले मूळ प्रश्नाशी ताडून पाहणे वेगळे. हे दुसरे काम चाचणीत फार थोडी मुले करतात.

त्यांचे सर्वच बरोबर होते असे मात्र नाही, आणि ते मुलांना सांगावे असे आमचे मत आहे. शून्याने भागलेल्या राशीला ते खहर म्हणत, आणि तिच्यात काही मिळविले वा वजा केले तरी ती बदलत नाही असे मानत. हा विचार त्या काळात खोलच होता. पण लीलावतीच्या एका उदाहरणात त्यांनी आधी शून्याने गुणलेली राशी पुढे शून्याने भागली आणि दोन्ही शून्ये उडवून १४ उत्तर काढले. आजच्या गणितात हे चालत नाही. आपली मुले अंश-छेदांतून (क्ष − ३) उडवतात आणि क्ष जर ३ असेल तर काय, हे पाहत नाहीत. ती चूक याच जातीची आहे. तेव्हा चूक झाली म्हणून कोणी खचून जाऊ नये, पण ती दुसऱ्यांदा करू नये.

त्यांचे सर्वांत नावाजलेले काम चक्रवाल रीतीचे. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून १ मिळविला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधा, असा प्रश्न. त्यांचे उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले की ६१ चे वर्गमूळ इतके सूक्ष्म मिळते की आपल्या कंपासपेटीतला कॅल्क्युलेटर फरक दाखवू शकत नाही. या रीतीचा पाया आधीच्या गणितींनी घातला होता, पण तिचा विस्ताराने वापर भास्कराचार्यांनी दाखविला. फ्रान्समधील फर्मा यांनी ६१ चाच प्रश्न १६५७ साली युरोपातील गणितींपुढे टाकला, तेव्हा भास्कराचार्यांच्या ग्रंथाला पाचशे वर्षे होऊन गेली होती.

पुढे ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा लहान ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना रोजचे गणित सोपे व्हावे, हा त्याचा हेतू. सत्तरीला आलेला एवढा मोठा पंडित पंचांगकर्त्यांची आकडेमोड हलकी करायला बसतो, याचे आम्हाला विशेष वाटते.

आता सातवीतल्या त्या मुलीचे उत्तर. लीलावतीची ती गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजी याने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. म्हणजे ग्रंथानंतर सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी. ग्रंथात भास्कराचार्य कधी एखाद्या मुलीला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला उद्देशून प्रश्न विचारतात. लीलावती त्यांची कन्या होती, असा दाखला त्यातून निघत नाही. गोष्ट गोड आहे, पण इतिहास म्हणून ती सांगणे ही आमची चूक होती. ती येथे दुरुस्त करीत आहोत.

आमच्या मनात मात्र दुसरीच एक गोष्ट राहिली आहे, आणि ती पाटणच्या दगडावर कोरलेली असल्याने तिच्याविषयी शंका नाही. नातू चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सामंत सोइदेव याने त्याला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी जेथे पैशाची नि मालाची व्यवस्था येते तेथे भाषा मराठी होते. ज्यांनी द्यायचे त्या लोकांना कळले पाहिजे ना! पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचे गिऱ्हाइकाकडून येणारे सरकारी उत्पन्न मठाला दिले आहे आणि प्रत्येक तेलघाण्याने पळीपळीने तेल द्यायचे आहे. घाण्याला आपल्याकडे कन्नडात गाण म्हणतात. हुबळीच्या जुन्या पेठेतील आजी-आजोबांना लाकडी घाण्याची ती पळी डोळ्यांसमोर येईल. रात्री दिव्यात जळणारे तेल तेल्यांचे, आणि त्या उजेडात कोणी मुलगा १३५२ ला दहा हजारांनी गुणत बसलेला. आपली शाळाही अशाच वर्गणीवर उभी राहिली, हे विश्वस्त मंडळींना आम्ही वेगळे सांगायला नको.

नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न देत आहोत. पहिला : √(१६९/८) हे वरच्याच रीतीने काढावे, पण १०,००० ऐवजी १०,००,००० घ्यावे आणि उत्तर किती सुधारते ते लिहावे. दुसरा बीजगणितातलाच : १० + √२४ + √४० + √६० या संपूर्ण राशीचे वर्गमूळ तीन करण्यांच्या बेरजेत मांडावे. कॅल्क्युलेटर वापरू नये, कच्चे काम खोडू नये. कागद कार्यालयात आणून द्यावेत, आम्ही स्वतः तपासू. सातवीतल्या त्या मुलीला हवे असेल तर तिनेही पहिला प्रश्न करून पाहावा.